कोर्टाच्या कागदावर न उतरणारं: ‘द ट्रेटर’ तिसऱ्यांदा पाहिल्यावर

खटल्यावरचे सिनेमे मी सहसा बघत नाही. सत्र न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढल्यावर पडद्यावरचं कोर्ट सहन होत नाही. वकील साक्षीदाराच्या नाकाशी जाऊन ओरडतो, न्यायाधीश हातोडा आपटतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी दार लोटून निर्णायक पुरावा घेऊन येतं. एवढ्या वर्षांत मी एकाही न्यायाधीशाच्या टेबलावर हातोडा पाहिला नाही.

माझी मुलगी फौजदारी वकिली करते. तिनेच हा सिनेमा लावून दिला. म्हणाली, “बाबा, हा बघाच. साक्षीदार बोलत असतो तेव्हा बाकीचं कोर्ट काय करत असतं, ते ह्यात दाखवलंय.” त्या एका वाक्यावर मी बसलो. नंतर एकट्याने दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला तो हातात वही-पेन्सिल घेऊन. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

सिनेमा इटालियन आहे, मूळ नाव ‘इल त्रादितोरे’, म्हणजे गद्दार. दिग्दर्शक मार्को बेल्लोक्यो. 23 मे 2019 रोजी तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच दिवशी इटलीत प्रदर्शित झाला. ही तारीख मुद्दाम निवडलेली आहे, कारण सिनेमातल्या एका माणसाचा मृत्यू 23 मे 1992 चा. पुढच्या वर्षी इटलीच्या दाविद दी दोनातेल्लो पुरस्कारांत ह्याला सहा पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक धरून.

गोष्ट तोम्माझो बुशेत्ताची. सिसिलीच्या माफियातला, पालेर्मो शहरातल्या गटाचा वजनदार माणूस. सुरुवात होते 1980 मध्ये, संत रोझालियाच्या उत्सवाच्या रात्री. पालेर्मोवाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, कोर्लेओने गावचे माफिया, एका घरात जमलेत, समेट झालाय, फोटो काढायला सगळे ओळीने उभे राहतात. हेरॉईनच्या पैशाने सगळ्यांचे खिसे भरलेत. बुशेत्ताला मात्र काहीतरी खटकतं आणि तो बायकोला घेऊन ब्राझीलला निघून जातो. मोठ्या मुलांना मागे ठेवतो, जुना मित्र पिप्पो कालोच्या भरवशावर. मग कोर्लेओनेचा तोतो रीना एकेकाला संपवायला लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा येतो आणि प्रत्येक खुनाबरोबर वाढत जातो. बुशेत्ताची बेनेदेत्तो आणि अंतोनियो ही दोन मुलं नाहीशी होतात. प्रेतंसुद्धा मिळत नाहीत. सिसिलीत अशा बेपत्ता करण्याला ‘पांढरी बंदूक’ म्हणतात.

ब्राझीलमधली अटक आणि छळ ह्यांवर मी थांबणार नाही. बायकोला हेलिकॉप्टरमधून समुद्रावर लटकवून नवऱ्याला समोरून बघायला लावतात, तो प्रसंग भीषण आहे आणि नीट चित्रित केलाय. पण असं दुसरे दिग्दर्शकही करू शकतात. पुढचं मात्र दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

1984 मध्ये बुशेत्ताला इटलीत आणतात आणि त्याला न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोनेसमोर बसवतात. फाल्कोने तिथला तपास न्यायाधीश. आपल्याकडे हे पद नाही. तपास अधिकारी आणि दंडाधिकारी ह्यांची थोडी थोडी कामं एकाच माणसाकडे आली, तर जे होईल ते. खोलीत तीन माणसं: फाल्कोने, बुशेत्ता आणि टाईप करणारा. माझी नजर अर्थातच त्या तिसऱ्या माणसावर. बुशेत्ता बोलतो, थांबतो, सिगारेट घेतो. फाल्कोने घाई करत नाही. बुशेत्ता गटांची रचना सांगतोय: दहा-दहा माणसांमागे एक प्रमुख, त्यांच्यावर ‘कुटुंबा’चा, म्हणजे टोळीचा, प्रमुख, सगळ्यांच्या वर आयोग. त्या दिवसापर्यंत हे असं, आतल्या माणसाच्या तोंडून, इतक्या नीट क्रमाने इटलीच्या कुठल्याच न्यायालयाकडे आलेलं नव्हतं. ‘माफिया म्हणजे एक संघटना आहे की नुसती वृत्ती’ असा वाद तिथे तोवर चालू होता.

आपल्याकडच्या शब्दांत बुशेत्ता माफीचा साक्षीदार. सिनेमाभर तो हे नाकारत राहतो. मला पश्चात्ताप झालेला नाही, मी प्रतिष्ठेचा माणूस आहे, गद्दारी मी नाही त्यांनी केली, जुना माफिया बायकामुलांना हात लावत नव्हता. एकदा तर तो इतक्या प्रेमाने त्या जुन्या दिवसांबद्दल बोलतो की आपणही विरघळू लागतो. फाल्कोने विरघळत नाही. आवाजही न चढवता तो सांगतो की ह्या दंतकथा आहेत, तेव्हाही खून पडत होतेच. फाउस्तो रुस्सो आलेझी हा नट फाल्कोनेचं काम करतो. मला त्याच्यात माझ्या वरिष्ठांपैकी एक न्यायाधीश दिसले, जे साक्षीदार रडू लागला की पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायचे आणि तो सावरला की म्हणायचे, “हं, पुढे सांगा.” त्यात सहानुभूती होती आणि अंतरही होतं. दोन्ही एकाच वेळी सांभाळणं फार अवघड असतं.

आता खटला.

पालेर्मोच्या उच्चार्दोने तुरुंगाला लागून ह्या एका खटल्यासाठी वेगळी इमारत बांधली होती. अष्टकोनी, बॉम्ब पडला तरी टिकेल अशी, आत भिंतीकडेने आरोपींचे पिंजरे. 10 फेब्रुवारी 1986 ला सुरू झाला, 16 डिसेंबर 1987 ला निकाल. आरोपी पावणेपाचशे. आरोपांचा दस्त आठ हजार पानांच्या वर. तो लिहिण्यासाठी फाल्कोने आणि त्याचा सहकारी पाओलो बोर्सेलिनो ह्यांना जिवाच्या भीतीने कुटुंबासकट आसिनारा बेटावरच्या तुरुंगात नेऊन ठेवलं होतं आणि नंतर तिथल्या राहण्याचं बिल सरकारने त्यांच्याच हातात दिलं. हे बिल सिनेमात नाही, पण फाल्कोनेच्या चेहऱ्यावरचा थकवा बघताना मला तेच आठवत राहतं.

पहिल्यांदा कॅमेरा त्या पिंजऱ्यांवरून फिरतो तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. कुणी कपडे काढून उभा राहतो. कुणाला फिट येते, खरी की खोटी कळत नाही. कुणी चिरूट ओढत गजाला टेकून बघत असतो, जणू बैलबाजारात आलाय. कुणी शिव्या देतो. न्यायाधीश एकाला गप्प करतात तोवर दुसरीकडे सुरू. बघणाऱ्याला हे अतिरंजित वाटेल. पण त्या खटल्यात खरोखरच असं चाललं होतं. एका आरोपीने तर निषेध म्हणून स्वतःचे ओठ बंद करून घेतले होते.

माझ्या नोकरीत असं मोठं काही मी पाहिलं नाही. पण एक छोटं पाहिलंय. टोळीचा खटला होता, साक्षीदार पंचविशीचा, माफीचाच. सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न, छान चालली होती. मागे आरोपींच्या बाकावरून कुणीतरी खोकलं. साधं, घसा साफ केल्यासारखं. त्या मुलाचं वाक्य तिथेच तुटलं. त्यानंतरचं प्रत्येक उत्तर ‘आठवत नाही’. माझ्या वहीत आलं: ‘मला आठवत नाही.’ खोकला आला नाही. कसा येणार? आपल्याकडे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकून सांगतात आणि मी ते उतरवतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा नोंदवायची सोय होती, कलम 280. पण मागच्या बाकावरच्या खोकल्याचा शेरा कोण लिहिणार आणि काय लिहिणार? त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे.

हा अख्खा सिनेमा त्या खोकल्याबद्दल आहे, असं मला वाटतं. बेल्लोक्योचा कॅमेरा साक्षीदाराचं वाक्य संपायच्या आत पिंजऱ्याकडे वळतो. कोण हसलं, कुणी कुणाकडे पाहिलं, कुणी उठून पाठ फिरवली. ज्याला आम्ही ‘रेकॉर्ड’ म्हणतो त्याच्या बाहेरचं सगळं तो टिपतो.

त्यातला सर्वांत मोठा प्रसंग बुशेत्ता आणि पिप्पो कालोच्या आमनेसामनेचा. तिथल्या पद्धतीत आरोपी आणि साक्षीदार ह्यांना न्यायाधीशांसमोर एकत्र बसवून एकमेकांशी बोलू देता येतं. माझी मुलगी इथे उडालीच. “म्हणजे उलटतपासणी वकील करत नाही?” म्हणाली. तेव्हाच्या त्यांच्या जुन्या संहितेत प्रश्न मुख्यतः न्यायाधीशच विचारायचे. ती संहिता 1989 मध्ये बदलली. त्यामुळे वकिलांची आतषबाजी इथे फारशी नाही, आणि हाच सिनेमाचा फायदा झालाय. दोन म्हातारे होत चाललेले मित्र बाजूबाजूला बसलेत. एकाची मुलं दुसऱ्याच्या हवाली होती. ती मुलं मेली.

कालोचं काम फाब्रित्स्यो फेर्राकाने करतो. तो घाबरलेला नाही, चिडलेलाही नाही. उलट सभ्य माणसासारखा दुखावलेला आहे. बुशेत्ताने किती बायका केल्या, घर कसं सोडलं, मुलांकडे कसं बघितलं नाही, हे तो काढतो. म्हणजे खुनाच्या आरोपाला उत्तर म्हणून चारित्र्य. ही युक्ती मी मराठीतही ऐकली आहे, कित्येकदा. आणि पिएरफ्रान्चेस्को फाविनोचा बुशेत्ता, जो एरवी सूट-टाय, रंगवलेले केस आणि रुबाबात वावरतो, तो इथे मुलांचं नाव घेताना एकदम साधा बाप होतो. त्याचा आवाज चढत नाही. तो कालोकडे नुसता बघतो आणि विचारत राहतो.

खऱ्या खटल्यातही कालोनंतर बाकीच्या आरोपींनी बुशेत्तासमोर बसण्याचा आग्रह सोडून दिला होता.

तर वहीचं सांगतो. तिसऱ्यांदा पाहताना ह्या प्रसंगापाशी मी लघुलिपीत घ्यायला लागलो, सबटायटलवरून, मराठीत. थांबवायचं नाही, चालत्या वेगाने घ्यायचं, असं ठरवलं होतं. संपल्यावर साफ प्रत काढली. सव्वा पान. वाचून बघितलं तर दोन माणसं एकमेकांना खोटारडा म्हणतायत, बस. अपिलाच्या न्यायाधीशाच्या हातात एवढंच गेलं असतं. फाविनोच्या जबड्यातली शीर नाही, कालोचं ते हात पसरून न्यायाधीशांकडे बघणं नाही, मागच्या पिंजऱ्यांतली अचानक शांतता नाही. मी ते पान मुलीला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि काही बोलली नाही.

भाषेबद्दल सांगायलाच हवं, कारण सबटायटल वाचणाऱ्याच्या हातून हे निसटतं. बुशेत्तानंतर साक्षीला येतो तोतुच्चो कोन्तोर्नो, तोही माफियातलाच. लुइजी लो काश्योने हे काम असं केलंय की सगळ्या सिनेमात मला तोच जास्त आवडला, आणि सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार त्याला मिळाला ह्याचा मनापासून आनंद झाला. कोन्तोर्नो शुद्ध इटालियन बोलतच नाही. तो पालेर्मोच्या गल्लीतली सिसिलियन बोलतो, भराभर, आणि वकील हैराण होतात, आम्हाला काही कळत नाही, दुभाषा द्या म्हणतात. पिंजऱ्यातल्यांना मात्र शब्द न् शब्द कळतोय. हेही खऱ्या खटल्यात घडलेलं आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही भाषा सारख्याच दिसतात, म्हणून इथे खाली वाचू नका, नुसतं ऐका. नाशिकच्या कोर्टात साक्षीदाराने पक्क्या अहिराणीत सुरुवात करावी आणि मुंबईहून आलेल्या वकिलाचा चेहरा बघावा, तसं आहे ते. आणि त्यात अर्थ आहे. कोन्तोर्नो न्यायालयाशी बोलतच नाहीये, तो मागे बसलेल्या आपल्या माणसांना तोंडावर सुनावतोय.

निकालाआधी न्यायाधीश विचारविनिमयासाठी आत जायला निघतात तेव्हा आरोपींपैकी मिकेले ग्रेको, ज्याला ‘पोप’ म्हणायचे, तो उभा राहून न्यायाधीशांना शांती लाभो अशी इच्छा व्यक्त करतो. शब्द देवळातले, आवाज मऊ. अंगावर काटा येतो. कागदावर तो आशीर्वादच दिसेल. त्या खोलीत बसलेल्या एकाही माणसाने तो आशीर्वाद म्हणून ऐकला नसेल. खरा निकाल 19 जन्मठेपा आणि बाकीच्यांना मिळून 2,665 वर्षांची कैद असा लागला. 114 जण सुटलेही. सुटलेल्यांचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या खटल्यात, एवढ्या दबावाखाली, न्यायालयाने प्रत्येकाचा पुरावा वेगळा तोलला होता. सिनेमा ह्यावर फार थांबत नाही. थांबायला हवं होतं.

जानेवारी 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्या आणि मे महिन्यात कापाचीजवळच्या महामार्गाखाली स्फोट करून माफियाने फाल्कोनेला मारलं, पत्नी फ्रान्चेस्का मोरव्हिल्लो आणि तीन अंगरक्षकांसह. दिग्दर्शक हा प्रसंग गाडीच्या आतून दाखवतो. आपण मागे बसलोय, रस्ता समोर चाललाय, बोलणं चाललंय. काय होणार ते आपल्याला माहीत असतं आणि तरी ते झाल्यावर मी दचकलो. तिन्ही वेळा.

इथून पुढे सिनेमाची पकड सैल होते, हे मान्य करायला हवं. अडीच तासांचा सिनेमा आहे आणि शेवटचा पाऊण तास त्यात तीन सिनेमांचा ऐवज कोंबलाय. रीनाची अटक, त्याच्यासमोरची साक्ष, मग माजी पंतप्रधान जुल्यो आंद्रेओत्तीवरचा खटला. आंद्रेओत्तीचं प्रकरण तर इतकं झरझर जातं की इटलीचं राजकारण ठाऊक नसलेल्या माणसाला नक्की आरोप काय होता तेच कळू नये. तरी त्या भागात एक गोष्ट मोलाची आहे. इथे बचावाचा वकील बुशेत्ताला नीट कात्रीत पकडतो. आधी हे का नाही सांगितलं, आता कसं आठवलं, अमेरिकेत कुणाच्या पैशावर राहता. ज्या माणसाला आपण दोन तास मनातल्या मनात टाळ्या देत आलो, तो खुर्चीत लहान होत जातो. पहिल्यांदा पाहताना मला हे आवडलं नव्हतं. आता वाटतं, माफीचा साक्षीदार असाच असतो. त्याचं एक बोलणं जगातलं सर्वांत खरं आणि दुसरं स्वतःच्या सोयीचं. म्हणूनच आपल्याकडेही कायदा सांगतो की अशा साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधा.

दुसरी तक्रार बायकांची. मारिया फेर्नांदा कांदिदो ही ब्राझीलची अभिनेत्री बुशेत्ताच्या पत्नीच्या भूमिकेत आहे. चेहऱ्यावर केवढं काही आहे तिच्या! पण तिला बोलायला दिलंय फार थोडं. नाव बदलून, शहरं बदलून, मुलांना खोटी ओळख पाठ करायला लावून जगणं हे तिच्या वाट्याचं. अमेरिकेतल्या उपाहारगृहात गाणारा माणूस त्यांच्या टेबलाकडे रोखून बघत सिसिलियन गायला लागतो आणि सगळं कुटुंब जेवण टाकून उठतं, त्या एका प्रसंगात तिचं आयुष्य दिसतं. असे आणखी दोन प्रसंग दिले असते तर आंद्रेओत्तीचा भाग थोडा कापलेला चालला असता.

मारामारी, पाठलाग, टोळीयुद्ध ह्यांसाठी बघणार असाल तर पहिल्या अर्ध्या तासानंतर निराश व्हाल. वकील, कारकून, पोलीस, कधी साक्षीला उभे राहिलेले, अशांनी जरूर बघावा. एका बैठकीत नको. फाल्कोनेच्या खोलीतला भाग आणि खटला एका रात्री, उरलेला दुसऱ्या रात्री. नावं सुरुवातीला गोंधळात टाकतील, फोटोच्या प्रसंगात पडद्यावर येणारी नावं लक्ष देऊन वाचा.

आणि शेवट चुकवू नका. मध्येच कुठेतरी बुशेत्ता फाल्कोनेला एक जुनी हकिगत सांगतो: त्याला पहिला खून सोपवला होता तेव्हा त्या माणसाने आपलं तान्हं बाळ छातीशी धरलं, म्हणून गोळी घालता आली नाही. त्यानंतर तो माणूस मुलाला कधी नजरेआड होऊ देईना. ती हकिगत तिथे अर्धीच राहते. 2000 साली बुशेत्ता अमेरिकेत कॅन्सरने मेला, स्वतःच्या बिछान्यात, त्याला हवं होतं तसंच. पण बेल्लोक्यो बिछान्यावर थांबत नाही. तो त्या अर्ध्या हकिगतीकडे परत जातो, ते बाळ आता मोठं झालंय, त्याच्या लग्नाचा दिवस आहे, अंगणात पाहुणे पांगतायत. फाल्कोनेच्या टंकलेखकाने हे उतरवून घेतलं असतं का, हा प्रश्न घेऊन मी त्या रात्री बराच वेळ गॅलरीत बसलो होतो.